सुभेदारकाकांच्या कोटाची चेन

आमच्या तासगावात थंडी म्हणजे सकाळी दुधाला जाताना कानाला गुंडाळायचा मफलर. तो ऊन वर आलं की काढून खिशात कोंबायचा आणि दुसऱ्या दिवशी कुठे ठेवला म्हणून घर डोक्यावर घ्यायचं. यापलीकडे थंडीशी आमचा संबंध आहे तो द्राक्षांपुरता. थंडी वाढली की बागायतदार काळजीत, थंडी गेली की बागायतदार काळजीत, आणि थंडी बेताची असली की आता ही वाढणार की जाणार या काळजीत. अशा गावातली मुलगी ऐन जानेवारीत बर्फाची जाडी मोजायला हिमाचलात, स्पितीला निघाली तर कॉलनीला ते स्वतःचंच कार्य वाटणं साहजिक होतं. ती मुलगी मी. सांगलीच्या कॉलेजात एम.एस्सी. भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

उद्या सकाळी मिरजेहून दिल्लीची गाडी होती. आज माझ्याकडे दोनच कामं होती. डॉक्टरांकडून तब्येत ठणठणीत असल्याचा दाखला घ्यायचा आणि दुपारी चारला कॉलेजात जाऊन दाखला आणि सामान सरांना दाखवायचं. दाखला नाही किंवा सामान अपुरं, तर नाव रद्द आणि प्रतीक्षा यादीवरचा पहिला माणूस आत, असा नियम होता. प्रतीक्षा यादीवर एकच माणूस होता. माझ्याच वर्गातला रविराज. गेला आठवडाभर तो मला रोज फोन करून तब्येत विचारत होता. इतक्या मनापासून माझी तब्येत आजवर कुणी विचारलेली नाही.

सामानात एक कोट तेवढा कमी होता. सांगलीच्या बाजारातली जाकिटं बघून सर म्हणाले होते, "मोटारसायकलवरून विट्याला जायला ही ठीक आहेत." म्हणून आईने शेजारच्या सुभेदार नानासोकाकांकडे शब्द टाकला. काकांनी फौजेत जवळजवळ सगळा हिंदुस्थान पायाखाली घातलेला. त्यांच्या कपाटात, डांबरगोळ्या घालून प्लॅस्टिकमध्ये बांधलेला, त्यांच्या उत्तरेकडच्या पोस्टिंगचा एक पांढरा कोट होता. तो कोट त्यांनी स्वतःच्या पोरालाही कधी घालू दिला नव्हता. तो ते सकाळी सकाळी दोन्ही हातांवर आडवा धरून आमच्या दारात घेऊन आले. आईने आरतीचं ताट आणायचं तेवढं बाकी ठेवलं.

"सरळ हुबी ऱ्हा," काका म्हणाले. मी उभी राहिले. कोट मांडीपर्यंत आला. आत कमरेला एक नाडी होती, ती काकांनी कचकन ओढून गाठ मारली. "ही गाठ वाऱ्यानं सुटत न्हाई." मग त्यांनी चेन लावली. खालून वर, सर्रकन, थेट हनुवटीपर्यंत. कॉलर पुठ्ठ्यासारखी ताठ होती, ती माझ्या नाकाखाली येऊन थांबली.

"फस्क्लास," काका म्हणाले. "आता ऐक. ह्याला कात्री, सुई, इस्त्री, काय म्हंता काय लावायचं न्हाई. सरकारी माल हाय." आणि ते सांगलीला सैनिकांच्या कँटीनला निघून गेले. बाहेर पडताना मोबाइल घरी चार्जिंगला ठेवायचा ही त्यांची शिस्त आहे.

मी आरशात स्वतःला बघितलं. छान दिसत होते. शोधमोहिमेवर निघालेल्या माणसाचं गांभीर्य चेहऱ्यावर आपोआप आलं. दोन फोटो काढले आणि चेन खाली ओढली. चेन आली नाही. जरा जोरात ओढली. तरी नाही. आईला हाक मारली. आईने हात पदराला पुसून, "तुला साधी चेन काढता येत नाही आणि निघालीयस बर्फ मोजायला," असं म्हणत अशी काही ओढली की चेनीची कडी तुटून तिच्या हातात आली. आता ओढायला धरायचं काय, हाही प्रश्न निघाला.

कोट डोक्यावरून काढायचा तर ती कॉलर कानांच्या पुढे येईना. खालून काढायचा तर कमरेची गाठ आड. गाठ सोडायची तर ती कोटाच्या आत, आणि चेन बंद. फौजेतल्या वस्तू विचार करून बनवलेल्या असतात, हे मला तेव्हा पटलं. शत्रूलासुद्धा जवानाचा कोट सहज काढता येऊ नये, अशी सोय होती ती.

तोवर समोरच्या लीलाबाई आल्या. कॉलनीत कुणाचं काही अडकलं की लीलाबाईंना बोलावतात, कारण त्यांनी एकदा त्यांच्या भाचीच्या सुजलेल्या बोटातून अंगठी काढली होती. त्या एका यशावर त्यांचा अधिकार आजतागायत चालू आहे. त्यांनी चेनीवर मेणबत्ती घासली. मग साबण. मग खोबरेल तेल. मग शिसपेन्सिल. प्रत्येक उपायानंतर त्या दोन पावलं मागे सरकून माझ्याकडे बघायच्या, जसं काही मी आपोआप उघडणार होते. त्यांनी शेवटी दोरा मागितला तेव्हा आईने विचारलं, "दोरा कशाला?"

"अंगठीला बांधला होता."

"आई, कात्री घे," मी म्हणाले. कोटाच्या आत एव्हाना उन्हाळा सुरू झाला होता.

"खबरदार," आई म्हणाली. "लोकाची वस्तू आहे. कापायचंच झालं तर तुला कापेन, कोट नाही."

काकांच्या घरी जाऊन सुलाकाकींना विचारलं. त्यांनी गालाला हात लावला. "आगं बया! आवं, त्या कोटाला मीसुदा हात लावत न्हाई. हे येऊ द्यात. मी लावून देते तुमच्याकडं." इतक्यात फोन वाजला. रविराज. "तब्येत कशी आहे?"

"उत्तम," मी म्हणाले. कॉलरमुळे आवाज विहिरीतून आल्यासारखा आला असावा, कारण तो लगेच म्हणाला, "घसा बसलाय का गं?" त्याच्या आवाजात जी आशा होती, ती ऐकून मी तशीच कोटासकट डॉक्टरांकडे निघाले.

जानेवारी महिना असला तरी तासगावचं ऊन जानेवारी मानत नाही. गणपतीच्या देवळाकडच्या रस्त्याने मी चालले होते, पांढराशुभ्र कोट, हात अंगापासून लांब धरलेले, आणि अंगाला साबण, मेण, खोबरेल आणि डांबरगोळ्या यांचा मिळून एक वास. माणसं थांबून बघत होती. एका काकांनी "हिवताप हाय काय?" म्हणून सायकलवरून चौकशी केली. भाजीवाल्या हरणाबाई तर मंडईच्या कोपऱ्यावरून ओरडल्या, "आगं साक्षी, शाळू निघायच्या आधीच बुजगावणं गावात आलं व्हय?" मी मान वळवून उत्तर देणार होते. पण कॉलरमुळे मान वळत नव्हती, म्हणून पूर्ण अंगाने वळावं लागलं, आणि तोपर्यंत त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागल्या होत्या. अपमानाला वेळेवर उत्तर देण्यासाठी मान मोकळी असावी लागते.

जयराज डॉक्टर तसे भले, पण दाखल्याच्या बाबतीत कडक. त्यांनी मला बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं.

"कोट काढा."

"निघत नाही."

"म्हणजे?"

मी सांगितलं. त्यांनी ते नर्सला सांगितलं. नर्सने ते बाहेर रांगेतल्या लोकांना सांगितलं. मग तपासणी सुरू झाली. स्टेथोस्कोप कोटावर ठेवून डॉक्टरांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "काहीच ऐकू येत नाही." रक्तदाबाचा पट्टा बाहीवर बसेना. नाडी मात्र हाताला लागली. ती मोजता मोजता त्यांच्या भुवया वर गेल्या. मग तोंडात थर्मामीटर. तो काढून त्यांनी उजेडात धरला.

"अंगात ताप आहे. नाडी पळतेय. घाम फुटलाय. चेहरा लाल आहे." ते खुर्चीत मागे टेकले. "साक्षी, अशा माणसाला मी आटपाडीलासुद्धा जाऊ देणार नाही."

"डॉक्टर, ते कोटामुळे आहे."

"असेल. पण मला जे दिसतं तेच मी लिहिणार. कोट कापून टाका."

"सुभेदारकाकांचा आहे."

डॉक्टरांनाही सुभेदारकाका ठाऊक होते. दवाखान्याची रांग सरळ लागत नाही म्हणून काकांनी एकदा ती स्वतः उभं राहून लावून दिली होती. त्यांनी थोडा विचार केला. "मग असं करा. आधी गार व्हा. गार झालात की कळवा. एकनंतर मी दवाखान्यात नसेन हे लक्षात ठेवा."

आता दुपारच्या वेळी तासगावात गार व्हायला माणसाने जायचं कुठे? नदीवर जावं तर कोट भिजणार. पंख्याखाली बसावं तर पंख्याचं वारं कोटाच्या आत पोहोचत नाही. त्यासाठीच तर तो कोट बनवलेला. आईला फोन केला. आई घाबरली की तिचं डोकं फार चांगलं चालतं. ती म्हणाली, "धनामामा!"

धनाजीमामा, आईचा धाकटा भाऊ, सांगली रस्त्यावरच्या एका शीतगृहात देखरेखीला आहे. आमच्याकडची शीतगृहं म्हणजे बेदाण्याची. हंगामात बेदाण्याचे बॉक्स आत जातात आणि भाव येईल तेव्हा बाहेर येतात. माणसांपेक्षा बेदाण्याला आमच्या तालुक्यात जास्त जपतात, त्यात गैर काही नाही.

रिक्षाने शीतगृहाच्या फाटकाशी उतरले तर मामा वाट बघत उभाच होता. पण फाटकावरच्या गुंडा नावाच्या वॉचमनने हात आडवा घातला.

"पास?"

"माझी भाची आहे," मामा म्हणाला.

"आसंल. पन पासाबिगार आत सोडायचं न्हाई म्हणून मालकांनीच सांगितलंय. परवा तुमीच मला त्यावरनं बोल्ला न्हाई व्हय?"

मामा परवा बोलला होता. "बरं, मग फाड पास."

"मानसाचा पासच न्हाई आपल्याकडं. मालाचाच हाय."

माझ्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. मामाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा गुंडाकडे. "मग मालाचा फाड."

गुंडाने शांतपणे पावतीपुस्तक काढलं, पेनाचं टोपण काढलं. "नग?"

"एक."

"वान कंचं लिवू? सोनाका का थॉमसन?"

मामा मघापासून सगळं सोसत होता, पण इथे मात्र त्याचा घराण्याचा अभिमान जागा झाला. "सोनाका लिही," तो म्हणाला. सोनाक्याला भाव जास्त असतो. मला त्याही अवस्थेत बरं वाटलं.

जाड दार उघडलं आणि मी आत पाऊल टाकलं. त्या क्षणाचं वर्णन माझ्याच्याने होणार नाही. छतापर्यंत रचलेले बॉक्स, मंद पिवळा दिवा, गोडसर आंबूस वास, आणि थंडी! मी एका रिकाम्या पेटीवर बसले. सकाळपासून जो कोट माझा वैरी झाला होता, तो इथे एकदम समजूतदार झाला. कपाळावरचा घाम सुकला. श्वास जागेवर आला. मामाने चवीला म्हणून मूठभर बेदाणे दिले. कॉलरच्या वरून एकेक बेदाणा तोंडात टाकत मी तिथे बसले होते, आणि खरं सांगते, रविराजचा पुन्हा फोन आला असता तर मी त्याच्याशी दोन शब्द प्रेमाने बोलले असते.

डॉक्टरांना कळवलं. त्यांनी येणं अवघडच होतं, पण आमच्या तालुक्यातला डॉक्टर झाला तरी त्याची बाग असतेच. जयराज डॉक्टरांचा गेल्या हंगामातला बेदाणा याच शीतगृहात पडून होता. तो काळा पडलाय की काय या काळजीने ते नाहीतरी एकदा येणारच होते. अर्ध्या बाहीच्या शर्टात आले, आधी स्वतःच्या बॉक्सकडे गेले, एक फोडून बघितला, समाधानाने मान हलवली, आणि मग माझ्याकडे वळले. तोवर त्यांचे दात वाजायला लागले होते.

"ना-नाडी छान आहे," ते म्हणाले. थर्मामीटर लावला. "ता-ताप नाही." मनगटावर लावायचं रक्तदाबाचं छोटं यंत्र आणलं होतं, तेही ठीक म्हणालं. "छा-छातीचं मी मागच्या म-महिन्यात तपासलंय." त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून दाखला लिहायला घेतला. हात इतका कापत होता की एकेक अक्षर त्यांना थांबून, नीट जमवून काढावं लागलं. सही करून ते जवळजवळ पळतच बाहेर गेले. हिमालयात जायला मी लायक ठरले. डॉक्टर काही ठरले नसते.

दाखला झाला, पण चेन तिथेच होती. आणि तेवढ्यात जाड दार पुन्हा उघडलं. दारात सुभेदारकाका. सुलाकाकींनी निरोप दिला असणार. गुंडाने त्यांना कुठल्या वाणाचा पास दिला कोण जाणे. बहुधा मागायचीच छाती झाली नसावी.

मामा अटेन्शनमध्ये उभा राहिला. "सुभेदार, आमी कोटाला सुईसुदा लावली न्हाई हं."

काका जवळ आले, चेन बघितली, मेण, साबण, खोबरेल, शिसपेन्सिल, सगळे थर बोटाने चाचपले. मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"कवापास्नं आडकलीयास?"

"सकाळपासून. तुम्ही गेल्यावर लगेच."

"आन कापला का न्हाई?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, कात्री लावायची नाही."

"आगं, ते मोकळ्या कोटाला! आत मानूस आसताना न्हवं!" काका इतक्या जोरात ओरडले की बॉक्सच्या रांगांमधून तो आवाज परत आला. मग मामाकडे वळून, "सुरी आना. धारंची." मामा पळाला.

काका माझ्या शेजारी पेटीवर बसले. अंगात साधा सदरा होता, पण त्यांना थंडी वाजत असल्याचं काही दिसेना. तोंडातून वाफ निघत होती. ती ते बघत बसले. एकदा मुद्दाम फुंकर मारली आणि ती विरेपर्यंत बघितली. काका असे गप्प बसलेले मी कधी बघितले नव्हते. आमच्या कॉलनीत सकाळ होते ती त्यांच्या आवाजाने.

"तिथं भूक लागत न्हाई," ते एकाएकी म्हणाले. "तरी खायाचं. तहान लागत न्हाई, तरी पानी प्याचं. आन संगतीचं कुनी लय येळ गप बसलं, तर त्याला गप बसू द्याचं न्हाई. भांडन काढ, शिव्या खा, पन बोलतं ठेव. झोप आली म्हनला तरी ऐकायचं न्हाई."

सकाळपासून मला सल्ले देणारी ही कितवी तरी व्यक्ती होती. पण हा सल्ला ऐकून मी बेदाणे खायची थांबले.

"तुमच्या संगतीचं कुणी गप्प बसलं होतं का, काका?"

त्यांनी पुन्हा एकदा वाफ सोडून बघितली. मामा सुरी घेऊन आला. काका उठले, सुरीचं टोक चेनीच्या कडेच्या टाक्यात घातलं आणि एकेक टाका उसवत खालपर्यंत आणलं. कापडाला ओरखडासुद्धा न येऊ देता चेन बाजूला झाली आणि मी उघडले. मग कमरेची गाठ त्यांनी दोन बोटांनी सोडली. वाऱ्याने सुटत नव्हती, एवढंच खरं.

"कालेजात किती वाजता जायाचं हाय?"

"चार. पण काका, कोटाशिवाय सर नाव पक्कं करणार नाहीत."

"बस गाडीवर," काका म्हणाले.

काकांची स्कूटर ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांच्या मधून वाट काढत सांगलीला पोहोचली. मला कॉलेजच्या दारात सोडून ते कोट घेऊन स्टँडजवळच्या जोतीराम टेलरकडे गेले. मी आत ऑफिसात दाखला दिला. तिथल्या मायामॅडमनी तो बघितला, खिडकीकडे नेऊन बघितला, आणि परत टेबलावर ठेवला.

"ही सही डॉक्टरांची नाही."

"त्यांचीच आहे, मॅडम. माझ्यासमोर केलीय."

"अगं, वाचता येतेय ती." मॅडमनी बोट ठेवलं. "वीस वर्षं मी दाखले बघतेय. डॉक्टरची सही अशी नसते. अक्षरं तर बघ, बालवाडीत गिरवल्यासारखी आहेत. कुणाकडून लिहून घेतलंस?"

मी बेदाणे, शीतगृह, अर्ध्या बाहीचा शर्ट, सगळं सांगितलं. जसजशी खरं सांगत गेले तसतसा मॅडमचा संशय वाढत गेला. शेवटी त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून आधी एकामागून एक शिंका ऐकू आल्या. मग डॉक्टर म्हणाले, "हो, मीच दिलाय. ती ठणठणीत आहे. मला जरा पडू द्या." मॅडमनी शिक्का मारला.

सरांच्या खोलीत सगळे आपापलं सामान मांडून बसले होते. कोपऱ्यात रविराजही होता, पाठीला भरलेली सॅक, पायात नवे बूट. सरांनी माझे मोजे बघितले, टोपी बघितली, आणि विचारलं, "कोट?"

"शिवायला दिलाय. येतोय."

"येतोय म्हणजे मला दिसत नाही. साक्षी, वर गेल्यावर आपल्याला दुकान मिळणार नाही. मी निघेपर्यंत आला तर ठीक." सर चांगले आहेत. पण चांगल्या माणसाचा नकार जास्त लागतो, कारण त्याच्यावर चिडता येत नाही. मी दाराकडे बघत बसले. रविराजही दाराकडे बघत बसला. आमच्या दोघांच्या प्रार्थना त्या वेळी देवाकडे एकदमच पोहोचत असाव्यात आणि देवही जरा घोटाळ्यात पडला असावा.

सर चष्म्याची डबी बंद करून उठले, आणि जिन्यात टाचा वाजल्या. काका आत आले. हातावर आडवा कोट. टेलरच्या मशीनशेजारी उभं राहून शिवून घेतलेली नवी, जाडजूड, पितळी चेन. सर नकळत सावध उभे राहिले.

"तुमीच सर?" काका म्हणाले. "हात वर करा."

आणि आम्ही काही म्हणायच्या आत काकांनी तो कोट सरांच्या अंगात चढवला आणि चेन लावली. खालून वर, सर्रकन, थेट हनुवटीपर्यंत. मला एकटीलाच ठाऊक होतं आता काय होऊ शकतं. माझ्या डोळ्यांसमोर सर सांगलीच्या रस्त्यावरून हात लांब धरून चालताना दिसू लागले. काकांनी कडी धरली, क्षणभर थांबले आणि ओढली. चेन लोण्यातून सुरी जावी तशी खाली आली. त्यांनी पुन्हा लावली, पुन्हा काढली. पुन्हा लावली, पुन्हा काढली.

"पुरे," सर आतून म्हणाले. "नाव पक्कं."

बाहेर पडताना रविराज जिन्यात उभा होता. मला वाटलं, आता तो काहीतरी टोचून बोलणार. त्याने सॅक उघडली आणि नवेकोरे हातमोजे माझ्या हातात ठेवले. "तुझे पातळ आहेत. मी बघितले मघाशी." मग जरा थांबून, "तब्येतीला जप," असं म्हणाला. या वेळी ते त्याने खरंच म्हटलं, आणि मला सबंध दिवसात पहिल्यांदा ओशाळल्यासारखं झालं.

दिवेलागणीला मी कोट, मोजे, लाडवांचा डबा असं सगळं बांधून काकांच्या घरी पाया पडायला गेले. काका अंगणात खुर्चीवर बसले होते. सुलाकाकी पायरीवर लसूण सोलत होत्या.

"पोचलीस की फोन कर," काका म्हणाले. "थंडी किती हाय त्यो आकडा सांग. पन खरा सांग. घरची घाबरतील म्हनून कमी करून सांगू नगंस."

"कमी करून कशाला सांगेन?"

"सांगत्यात." काका हसले. "म्या न्हाई सांगितलं? बर्फानं दार उघडत नव्हतं, बोटं काळी पडली हुती, आन फोनवर हिला सांगत हुतो, महाबळेश्वरागत गारवा हाय, झ्याक वाटतंय."

लसूण सोलणं थांबलं. "काय म्हनला?" सुलाकाकी म्हणाल्या.

काकांच्या लक्षात आलं, पण शब्द तोंडातून गेला होता.

"आवं, मी गिरनीत बायास्नी सांगत हुते, आमच्या मालकांची बदली थंड हवेच्या ठिकानी झालीया म्हनून! फोनवर भांडले न्हाई का मी तुमच्यासंगं? एकटंच मजा करताय, आमाला हवापालट नगं व्हय, म्हनून? दोन म्हैनं धड बोलले न्हाई मी तुमच्याशी!" त्यांचा आवाज चिरकला. "आन तुमी ऐकून घेत हुता! येक शबुद बोलला न्हाई!"

"आगं, तू भांडत हुतीस," काका खाली बघत म्हणाले, "त्येवढंच बरं वाटायचं तिथं."

सुलाकाकींनी लसणाचं ताट बाजूला सारलं. मला वाटलं, आता पुन्हा भांडण. आपण इथून निघावं हे बरं, म्हणून मी चपला शोधू लागले. काकी आत गेल्या आणि एक शाल घेऊन बाहेर आल्या. ती त्यांनी काकांच्या खांद्यांवर टाकली आणि पुढून नीट ओढून घेतली.

"आत चला," त्या म्हणाल्या. "गारठा पडलाय."

तासगावात त्या संध्याकाळी गारठा म्हणावा असं काहीच नव्हतं. पण सुभेदारकाका लगेच उठले आणि शाल सावरत त्यांच्या मागोमाग आत गेले.